लिंबाच्या घरातलं रानफळ : कवठ

थंडी सरत आली की ट्रॉम्बे, मानखुर्द, चेंबूरच्या बाजारात भाजीवाल्या मावशींच्या पाटीत एक पांढुरकं, खरबरीत, लाकडासारख्या कवचाचं फळ दिसू लागतं. चेंडूएवढं, हाताला जड. ते कवठ. लहान मुलांना ते दगड वाटतं, आणि मराठवाड्यातून आलेल्या आजीला ते पाहून गावाकडची आंबटगोड चटणी आठवते. या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही याच फळाबद्दल लिहीत आहोत. विहारातल्या महिलांच्या बैठकीत कवठाबद्दल इतके प्रश्न येतात की प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहिलेलं बरं. रक्त वाढतं का, जुलाब थांबतात का, साखर उतरते का, आणि हळू आवाजात विचारलेला एक प्रश्न : आपण बौद्ध लोकांनी ते खावं का?

आधी त्याचं कूळ पाहू, कारण बरेचसे गैरसमज तिथूनच निघतात. कवठ हे लिंबू, संत्री, मोसंबी यांच्याच घरातलं आहे. बेलही त्याच घरातला आणि आपल्या फोडणीतला कढीपत्तासुद्धा. खात्री करायची असेल तर कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं पान उजेडासमोर धरा, बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगळलं की वास येतो तो त्यांचा. कवठाच्या पानाला चुरगळल्यावर बडीशेपेसारखा वास येतो. बेल आणि कवठ यांच्यात गोंधळ होतो, तर ओळख अशी : बेलाची पानं तीन-तीनची, कवठाच्या एका देठावर पाच ते सात छोटी पानं. बेलाचं कवच गुळगुळीत आणि पिकल्यावर पिवळसर, कवठाचं खरबरीत आणि राखाडी पांढरं. बेलाचा गर नारिंगी, कवठाचा तपकिरी, चिकट, बियांनी भरलेला.

आपल्या नागपूरच्या संत्र्यांवर बागायतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या मेहनत घेतली, कलमं बांधली, संशोधन केंद्र उभं राहिलं. कवठाला असं कुणी लाडावलं नाही. ते भारत आणि श्रीलंकेतल्या कोरड्या रानात, बांधावर, काटे घेऊन स्वतःच वाढलं. आफ्रिकेतही लिंबाची अशी रानटी भावंडं आहेत. सिट्रॉप्सिस नावाची झुडपं तिथल्या जंगलात वाढतात, त्यांना लिंबाहून लहान, सुवासिक, खाण्याजोगी फळं येतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो, कारण त्यात आपल्यासाठी एक इशारा आहे.

आता तो हळू आवाजातला प्रश्न. कवठाची चटणी महाशिवरात्रीच्या उपवासाला करतात आणि बाजारातही फळ त्याच सुमारास जास्त येतं. त्यामुळे बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या काही घरांत कवठ आणणंच बंद झालं आहे. आम्हाला हे पटत नाही. प्रतिज्ञा देवपूजा सोडण्याच्या आहेत, फळ सोडण्याच्या नाहीत. कवठ त्या दिवसांत पिकतं म्हणून ते त्या सणाला लागलं, सणाने कवठ पिकवलेलं नाही. आणि नावांचाच विचार करायचा तर कवठाचं पाली आणि संस्कृत नाव कपित्थ. बौद्धांच्या पवित्र स्थळांपैकी एक असलेल्या संकिसा नगरीचं नाव चिनी प्रवासी ह्युएन त्संगने कपित्थ असंच नोंदवलं आहे. भगवान बुद्धांचा शेवटचा वर्षावास वैशालीजवळच्या बेलुवगामात झाला, बेलुव म्हणजे बेल. तिथेच ते फार आजारी पडले होते. झाडं सगळ्यांची असतात. उपवास न करता, जेवणाबरोबर, पोटभर भाकरीसोबत चटणी खावी, एवढंच आमचं म्हणणं.

पुढचा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आहे. आंबट फळ, त्यातून लिंबाचं नातेवाईक, म्हणजे भरपूर व्हिटॅमिन सी, असं धरून चालतात. लिंबाच्या घराण्याला हे नाव मिळालं त्यामागे इतिहास आहे. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेले १२ खलाशी निवडले, दोघा-दोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबं दिली ते सर्वांत लवकर बरे झाले. हिरड्यांतून रक्त, जखमा न भरणं, हा सगळा व्हिटॅमिन सी नसल्याचा परिणाम होता हे बऱ्याच नंतर कळलं.

पण सगळी भावंडं सारखी नसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा जो तक्ता आम्ही नर्सिंगला असताना पाठ केला, त्यात १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आहे, पेरूत २०० च्या वर, लिंबात ३९. कवठात फक्त ३. तीनशे नाही, तीन. कवठाचा आंबटपणा वेगळ्या आम्लांचा आहे, त्याचा व्हिटॅमिन सीशी संबंध नाही. म्हणून मुलाच्या डब्यात व्हिटॅमिन सीसाठी काही द्यायचं असेल तर पेरू द्या. तो आपल्याकडे सहज मिळतो, चावायला सोपा आणि फोडायला दगड लागत नाही.

मग कवठात आहे काय? त्याच तक्त्यात १०० ग्रॅम गरात सुमारे १३० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, फळाच्या मानाने ते चांगलं. तंतू म्हणजे चोथा ५ ग्रॅम, त्यामुळे पोट साफ राहायला मदत. पिष्ट आणि साखर मिळून १८ ग्रॅम. प्रथिनंही इतर फळांपेक्षा जास्त, ७ ग्रॅम. पण १०० ग्रॅम कवठ एका वेळी कोण खातं? चटणी खातो आपण दोन चमचे. दोन चमच्यांत हाडं मजबूत होत नाहीत. चव येते, जेवण जातं, हेही कमी नाही. आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसते, तेव्हा दोन चमचे कवठाच्या चटणीने अर्धी भाकरी जास्त जात असेल तर ती चटणी औषधाइतकीच कामाची.

टीबीच्या रुग्णांच्या घरी आम्ही हे आवर्जून सांगतो. आपल्या एम पूर्व विभागात टीबी घरोघरी माहीत आहे. निक्षय पोषण योजनेतून दरमहा जे १००० रुपये मिळतात ते अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध, सुकट यावर खर्च व्हावेत. ‘कवठ पावडर, ताकद वाढवते’ असं छापलेल्या डब्यावर नव्हे.

रक्ताचं तर फारच महत्त्वाचं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त महिलांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आलं. आमच्या शिबिरात डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली की पांढरी पापणी दाखवणाऱ्या भगिनी काही कमी नसतात. त्यातल्या कुणीतरी म्हणतेच, ‘सिस्टर, मी कवठ-गूळ खाते ना.’ गूळ आणि कवठ दोन्ही तपकिरी, म्हणून रक्त वाढतं असा समज. कवठात लोह १०० ग्रॅममागे अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास आहे. एवढ्याने काही होत नाही. उलट कवठ, त्यातही कच्चं, तुरट असतं. चहाला जो तुरटपणा असतो त्याच जातीचा. हा तुरट पदार्थ आतड्यात लोहाला धरून ठेवतो आणि अंगी लागू देत नाही. म्हणून लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका असं आम्ही ओरडत असतो. तेच कच्च्या कवठाला लागू आहे. गोळी घ्या आणि तिच्याबरोबर लिंबू पिळलेलं पाणी घ्या. इथे लिंबू कामाचं, त्यातलं व्हिटॅमिन सी लोह शोषायला मदत करतं. चटणी नंतरच्या जेवणात खा.

गरोदर बाईला आंबट खावंसं वाटतं, पिकलेलं कवठ तिने थोडं खाल्लं तर काही बिघडत नाही. पण तिच्या १८० दिवसांच्या लोहाच्या गोळ्या कुठल्याही फळाने टळत नाहीत. बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात आणि तिथेच बहुतेक जणी सोडतात. मळ काळा होतो, मळमळतं, म्हणून सोडतात. काळा मळ गोळीमुळेच होतो, घाबरायचं कारण नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर गोळी घ्या.

आता जुलाबाबद्दल. इथे जास्त जागा घेतो, कारण इथे जीव जातो. आपल्या वस्त्यांतलं पाणी कसं येतं ते तुम्हाला सांगायला नको. कुठे पहाटे तासभर, कुठे टँकर, कुठे गटारावरून गेलेली प्लॅस्टिकची नळी आणि तिला पडलेलं भोक. १९७६ साली जनता कॉलनी उठवून ज्यांना चित्ता कॅम्पला आणून टाकलं, त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारा, पाण्यासाठी किती वर्षं भांडावं लागलं. उन्हाळा संपता संपता आणि पहिल्या पावसात लहान मुलांना जुलाब सुरू होतात. मग कुणी बेलाचा मुरांबा देतं, कुणी कच्च्या कवठाचा गर उगाळून चाटवतं. जुनी माणसं सांगतात, थांबतात जुलाब.

ते अगदीच खोटं नाही. कच्चा बेल आणि कच्चं कवठ दोन्ही तुरट, आणि तुरटीने शौचाला जाण्याची संख्या थोडी कमी होऊ शकते. पण मूल जुलाबाने दगावतं ते शौचाला जास्त वेळा गेलं म्हणून नाही. अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेलं म्हणून दगावतं. कवठ चाटवून ते पाणी परत येत नाही. शौच थांबल्यासारखं दिसतं, घरचे निर्धास्त होतात, आणि आत मूल सुकत जातं. आमच्या नोकरीच्या काळात अशी मुलं आम्ही पाहिली आहेत. तोंडात काहीतरी चाटण, आणि डोळे खोल गेलेले.

पाणी आणि मीठ परत देण्याचा उपाय पाकिटात मिळतो, त्याचं नाव ओआरएस. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमेवर बनगावला आले, छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ड्रम भरले आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. जिथे शंभरातले तीसेक रुग्ण मरत होते तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. ना मोठं यंत्र, ना सुई. जमिनीवर बसून आईने चमच्याने पाजलेलं पाणी.

पाकीट अंगणवाडीत, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, आशाताईंकडेही असतं. मोठं पाकीट असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट टाकायचं. अर्धं टाकून अर्धं ठेवायचं नाही, आणि दुधात किंवा सरबतात तर मुळीच नाही. बाजारात २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही असतात, म्हणून आधी पाकिटावर वाचा. वाचता येत नसेल तर मुलीला वाचायला सांगा. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. पाकीट नसेल त्या रात्री एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट, शीग नको. दुकानात मिळणारी गोड पेयं, फळांच्या रसाचे डबे हे ओआरएस नव्हेत. जास्त साखरेने जुलाब वाढतात.

सोबत झिंकची गोळी. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला कवठ, बेल, मध, घुटी, काहीही चाटवायचं नाही.

मूल पेंगत असेल, पाणी पिऊ शकत नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसत असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, शौचात रक्त दिसलं असेल, तर घरात थांबू नका. रिक्षा करा आणि रुग्णालय गाठा, रस्त्यात ओआरएस पाजत राहा. आणि मोठ्या माणसांना जुलाब झाले की घरात जी किळस आणि चिडचिड होते तिच्याबद्दलही एक शब्द. विनयपिटकात कथा आहे, अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे बाकीच्यांनी पाठ फिरवली होती. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. नर्सिंगच्या पुस्तकात ही कथा आम्हाला कुणी शिकवली नव्हती. शिकवायला हवी होती. धुतल्यावर मात्र हात साबणाने धुवा, कोपऱ्यापर्यंत.

साखरेच्या आजाराचं थोडक्यात सांगतो. बेलाची पानं, कवठाची पानं, सालीची पावडर यांनी डायबेटीस जातो असं सांगणारे लोक आपल्या वस्त्यांत दारोदार येतात. उंदरांवर काही प्रयोग झालेत हे खरं, पण उंदरावरचा प्रयोग म्हणजे माणसाची गोळी नव्हे. मेटफॉर्मिन सोडून पानांचा रस प्यायला लागलेल्या माणसाची साखर हळूहळू चढते, ती कळत नाही, आणि एक दिवस पायाची जखम भरत नाही म्हणून तो दवाखान्यात येतो. गोळी सोडायची नाही, बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि चटणीत कवठाइतकाच गूळ असतो हे लक्षात ठेवा. डायबेटीसवाल्यांनी गूळ न घालता तिखट-मिठाची करावी, तीही चमचाभर. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, विशेषतः डायलिसिसवर असणाऱ्यांनी, कुठलंही फळ डॉक्टरांना विचारूनच खावं.

पावडरीवरून आफ्रिकेतली ती झुडपं आठवतात. युगांडात सिट्रॉप्सिसची मुळं पुरुषी ताकदीचं औषध म्हणून विकली जातात. फळ तोडलं तर झुडूप राहतं, मूळ खणलं तर झुडूप मरतं. माबिरासारख्या जंगलात ही झुडपं त्यामुळे दुर्मीळ होत चालली आहेत. ताकदीचं औषध विकणारा मुंबईतला असो की कंपालातला, तो माणसाच्या लाजेवर धंदा करतो. लाज वाटते म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही आणि अशा तक्रारीमागे डायबेटीस किंवा ब्लडप्रेशर असेल तर ते तसंच राहतं.

इतकं सगळं वाचून ज्यांना कवठ आणावंसं वाटतंय त्यांच्यासाठी. विकत घेताना जड फळ घ्या. हलकं लागलं किंवा कवचाला भोक असलं तर आत कीड किंवा बुरशी. पिकलंय का हे बघायची जुनी युक्ती : वीतभर-दीडवीत उंचीवरून फरशीवर सोडा. कच्चं फळ उसळतं, पिकलेलं थप्प करून बसतं. मावशी ओरडतील, विचारून करा. कच्चं निघालं तर आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवा. फोडण्याआधी कवच ब्रशने घासून धुवा, हे कुणीच करत नाही. पाटीतली सगळी माती कवचावर असते, आपण ते पाट्यावर आपटतो आणि माती गरात जाते. फोडल्यावर कवचाच्या कपच्या वेचून काढा, लहान मुलाच्या घशात अडकतात.

चटणीला एका मध्यम कवठाचा गर, चवीप्रमाणे गूळ, मीठ, लाल तिखट आणि भाजून कुटलेलं जिरं. गर आणि गूळ हाताने कुस्करला तरी चालतो, मिक्सरची गरज नाही. मराठवाड्याकडे गूळ कमी आणि हिरवी मिरची, लसूण घालून करतात, आमच्यातल्या निम्म्या जणींना तीच आवडते. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपवा. रस्त्यावर बर्फ घालून मिळणारं कवठ-बेलाचं सरबत मुलांना देऊ नका. दोष कवठाचा नाही, बर्फ कोणत्या पाण्याचा ते कळत नाही.

बिया फेकू नका. धुऊन, सावलीत वाळवून दुधाच्या पिशवीत माती भरून लावा. विहाराला अंगण असेल, शाळेला कुंपण असेल तिथे जागा विचारा, वस्तीच्या बोळात हे झाड मावत नाही, काटेही असतात. बियांपासून लावलेल्या कवठाला फळ यायला पंधरा वर्षं तरी लागतात. रोप लहान असताना कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या कुंडीपासून लांब ठेवा. लिंबाच्या घरातल्या झाडांवर येणारी एक अळी असते, आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवी होते, आणि दोन दिवसांत कोवळी पानं संपवते. ती हाताने वेचून काढता येते, औषध फवारायची गरज नसते.